दाराबाहेर गेलेला अडसर

मित्रांनो, दाराला आतून आडवा घालतात तो लाकडी अडसर तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक अडसर आहे, आता जुना झालेला. अडीच हात लांब, मनगटाएवढा जाड. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका घरात दाराच्या मागे मी उभा असतो. माझे काम साधे होते. आत असलेल्या माणसांना आत सुखरूप ठेवायचे. दहा वर्षे ते मी नीट केले. मग एका दिवशी, अर्ध्या तासापुरता, मी माझ्या जागेवर नव्हतो. त्या अर्ध्या तासाची ही हकीगत आहे.

मी बाभळीचा. शंकरप्पा सुतारांनी मला तासले तेव्हा एकोणीसशे चोवीस साल चालू होते. वेणीमाधव मास्तर प्राथमिक शाळेत शिकवीत. त्यांनी पेठेत दोन खोल्यांचे घर बांधले होते. भिंती मातीच्या, वर पत्रे, पुढे छोटी ओसरी. दार दोन फळ्यांचे, आत उघडणारे. दाराला कडी होतीच. पण शंकरप्पा म्हणाले, "मास्तर, कडी मानसासाठी ठीक हाय. वाऱ्यासाठी आडसर पायजे." त्यांनी चौकटीच्या दोन्ही अंगांना जाड लोखंडी आकडे ठोकले, मला दोन वेळा तेल पाजले आणि त्या आकड्यांत आडवा बसवून पाहिले. मी अगदी घट्ट बसलो.

पहाटे गिरणीचा भोंगा झाला की मास्तरांच्या पत्नी रुक्मिणीबाई मला काढून कोपऱ्यात ठेवीत. दिवेलागणीला पुन्हा लावीत. दिवसभर मला काम नसे. शेजारच्या विणकरांच्या घरांतून मागांची खटखट ऐकत मी उभा राही. मास्तरांची मुलगी लीला लहानपणी मला लोंबकळायची. सात वर्षांची झाल्यावर ती मला एकटीने उचलून लावू लागली, तेव्हा तिने ते गल्लीभर सांगितले.

एका वर्षी वळवाचे मोठे वारे आले. आमच्या गल्लीतली तीन दारे उघडली, वारा आत शिरला आणि त्या घरांचे पत्रे उचलले गेले. आमचे दार हलले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारी मला बघायला आले. कोणी हात फिरवला, कोणी वजन करून पाहिले. मास्तर म्हणाले, "बाभूळ आहे. याला काही होत नाही." त्या कौतुकाने मी फुगलो. मला वाटते, मास्तरही थोडे फुगले.

तेहतीस साली मुकुंद जन्मला. रुक्मिणीबाई आजारी पडल्या आणि त्यांचे दूध आटले. वैद्यांनी बाळाला शेळीचे दूध द्यायला सांगितले. म्हणून बनाबाई आमच्या घरी येऊ लागली.

बनाबाई धनगराची. तिचे घर मंद्रूपकडे. उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा सिद्धाप्पा मेंढरे-शेळ्या घेऊन शहराबाहेरच्या माळावर उतरत. ती रोज दुपारी चारच्या सुमारास दूध घेऊन येई. तिचे हात कधी रिकामे नसत. दूध घातले की ती ओसरीच्या कडेला टेकून लोकर कातीत बसे. उजव्या हाताच्या चिमटीतून धागा असा सरळ निघे की लीला पाहतच राही.

पुढच्या वर्षी, चौतीस सालच्या फाल्गुनात, मास्तरांनी ओसरीवर नवे पत्रे घातले. बनाबाईने ते पाहिले आणि म्हणाली, "मास्तर, पत्रं चांगलं हायती. पर वर धोंडं कमी पडल्यात. आनी चार ठेवा. वळवाचं वारं खालनं घुसतंय."

"ठेवू की. सुट्टी लागली की वेळच वेळ आहे," मास्तर म्हणाले.

सुट्टी लागली. धोंडे ठेवायचे राहिले.

वैशाखातली ती दुपार मला स्पष्ट आठवते. झाडाचे पान हलत नव्हते. बनाबाई नेहमीपेक्षा लवकर आली आणि ओसरीवर न टेकताच म्हणाली, "वयनी, वाळवण आत घ्या. मावळतीला बगा, धुरळा कसा तांबडा झालाय."

रुक्मिणीबाईंनी आणि लीलाने भराभर कुरडयांचे सूप, चटया, कपडे आत आणले. बनाबाईला माळावर परत जायचे होते. सिद्धाप्पा कळपापाशी एकटा होता. ती पायरी उतरणार एवढ्यात वारा आला. समोरची गल्ली धुळीत दिसेनाशी झाली. रुक्मिणीबाईंनी तिला दंडाला धरून आत ओढले. मास्तरांनी दार लोटले, कडी घातली आणि मला आकड्यांत बसवले.

पहिल्याच झोताला कडी उपटून खाली पडली. दाराचा सगळा भार माझ्यावर आला. मग गारा सुरू झाल्या. पत्र्यांवर त्यांचा असा आवाज होत होता की माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. आकडे करकरत होते. मी वाकलो, पण सुटलो नाही.

आत काय करायचे ते बनाबाईच सांगत होती. "चूल आदी इझवा. खिडकीपासनं लांब व्हा. ह्या आतल्या कोपऱ्यात, जात्यापाशी बसा समदी." रुक्मिणीबाईंनी चुलीत पाणी ओतले. मुकुंदला मांडीत घेऊन त्या जात्याशी बसल्या. बनाबाईने आपले घोंगडे लीलाच्या डोक्यावरून पांघरले.

लीलाने विचारले, "बनामावशी, सिद्धाप्पाकाका कुठं असतील?"

"आसंल बांदाच्या आडोशाला. झाडाखाली जायचा न्हाय त्यो. मेंढरं खाली बसवून घोंगड्यात बसला आसंल." हे सांगताना ती दाराकडे पाहत होती. तिचे माणूस आणि तिचे सारे जित्राब बाहेर उघड्यावर होते. तरी ती दाराजवळ आली नाही.

अर्धा तास गेला असेल. वारा एकदम पडला. गारा थांबल्या. इतका वेळ कानठळ्या बसत होत्या, आणि आता ओसरीवरचा एक सुटलेला पत्रा तेवढा वाजत होता. खड्‌. खड्‌. मास्तर उठले.

"गेलं वादळ," ते म्हणाले.

"न्हाय मास्तर. वारं दम खातंय. आता उलट्या अंगानं फिरून यील. बसा घटकाभर."

"घटकाभरात पत्रा जाईल, बनाबाई. एक खिळा ठोकला की झालं."

"अहो, जाऊ दे तो पत्रा," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"उडाला तर कोणाच्या तरी मानेवर बसेल."

हे कारण खोटे नव्हते. पण पुढच्या क्षणी मी त्यांच्या हातात आलो, म्हणून मला ठाऊक आहे की त्यांना घाई कशाची होती. पत्रा नवा होता, आणि धोंडे ठेवा असे त्यांना आधी सांगितलेले होते. सांगणारी घरातच बसली होती.

हातोडी सापडेना. त्यांनी मला आकड्यांतून काढले. ठोकायला मी चालण्यासारखा होतो.

बनाबाई उठून उभी राहिली. "जायचंच आसंल तर आडसर तरी ठिवून जावा. आमाला दार लावाया काय ऱ्हातंय?"

"हा आलोच," मास्तर म्हणाले. दार त्यांनी बाहेरून ओढून घेतले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी वाऱ्याच्या वेळी दाराबाहेर कधी गेलो नव्हतो. अंगणात गारांचा थर होता. आभाळ पिवळट दिसत होते. मास्तर ओसरीच्या कठड्यावर चढले, डाव्या हाताने पत्रा दाबला आणि उजव्या हाताने मला सैल झालेल्या खिळ्यावर मारू लागले. तिसऱ्या घावाला माझ्या टोकाची कपची उडाली. चौथा घाव पडलाच नाही. वारा आला, बनाबाई म्हणाली होती तसा उलट्या बाजूने. पत्रा खालून उचलला गेला. मास्तरांनी उडी टाकली, मी त्यांच्या हातून सुटून पायरीखालच्या गटारात पडलो, आणि पत्रा कठड्यावरून सरसरत निघून गेला. क्षणापूर्वी तिथे मास्तरांची मान होती.

त्यांना दारापर्यंत फक्त चार पावले यायचे होते. ती त्यांना टाकता आली नाहीत. वाऱ्याने त्यांना गल्लीपलीकडे लोटले. समोरच्या विणकरांनी दार किलकिले करून त्यांना दंडाला धरून आत ओढले आणि दार लावून घेतले. मास्तरांची दोन्ही कोपरे सोलवटली. त्यांना लागले ते एवढेच.

मी गटारात पडून आमच्या दाराकडे पाहत होतो. वारा आता भोवऱ्यासारखा फिरून नेमका त्याच दारावर येत होता. फळ्या आत जात होत्या, पुन्हा मिटत होत्या. आत काय चालले होते ते मला नंतर रुक्मिणीबाईंच्या तोंडून कळले. त्यांनी आणि लीलाने जाते ओढून दारापुढे आणले. बनाबाई दाराला पाठ लावून बसली आणि दोन्ही पाय जात्याला टेकवून तिने दार दाबून धरले. "लीलाबाय, तू मागं हो," ती म्हणाली. "वयनी, लेकरू सोडू नका. वारं आत शिरलं तर छप्पर जाईल."

एका झोताला डावी फळी आत आली. ती परत लोटायला बनाबाईने उजव्या हाताने तिची कड धरली. त्याच वेळी वारा ओसरला आणि दोन्ही फळ्या एकमेकींवर आपटल्या. तिची बोटे मध्ये सापडली. पुढचा झोत लगेच आला. बोटे काढायची म्हणजे दार सैल सोडायचे. तिने सोडले नाही. तिने आवाजही केला नाही. फळीवरून खाली रक्ताचा ओघळ आला, तेव्हा लीलाला समजले.

मी तिथून चार हातांवर होतो. पाणी माझ्यावरून वाहत होते.

वारा कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. मग साधा पाऊस राहिला. विणकरांनी मास्तरांना आणखी थोडा वेळ बसवून ठेवले आणि मगच सोडले. ते धावत आले, मला गटारातून उचलले आणि दाराला हात लावला.

आतून बनाबाईचा आवाज आला. "दार ढकलू नका, मास्तर. हात हाय मदी, फळ्या आवळून बसल्यात."

मास्तर तिथेच पायरीवर बसले.

रुक्मिणीबाईंनी फळी हळूच मागे ओढून हात सोडवला आणि स्वच्छ लुगड्याची पट्टी फाडून बांधला. आता दवाखान्यात न्यायचे ठरले. तरी निघताना बनाबाई थांबली. तिने आतल्या खोलीत डोकावून मागच्या भिंतीकडे पाहिले. "वयनी, त्या भिंतीचं बूड भिजलंय. पोट बी सुटलंय. आज हितं निजू नका. ऊन पडल्यावर माती सुटती."

रुक्मिणीबाईंना वाटत होते की आत जाऊन बाळाची दुपटी आणि पाळणा तेवढा काढून आणावा. या वेळी मास्तरांनी त्यांना अडवले. "काही आणायचं नाही. बनाबाई म्हणाली ना?"

त्यांनी सगळ्यांना विणकरांकडे नेले. गल्लीत पत्र्याचे तुकडे आणि खिळे पडले होते, म्हणून मुलांना उचलून नेले. आडात गटाराचे पाणी शिरले होते, म्हणून पाणी उकळून घ्यायला सांगितले. मग ते बनाबाईला घेऊन टांग्यातून दवाखान्यात गेले. वाटेत त्यांना सिद्धाप्पा भेटला. तो ओल्या घोंगड्यानिशी बायकोला शोधत गावात आला होता. त्याची दोन कोकरे गेली होती, बाकी कळप शाबूत होता. त्याने तिचा हात पाहिला, मास्तरांकडे पाहिले आणि टांग्यात चढला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. दहाच्या सुमारास, वाऱ्याची झुळूकही नसताना, मागची भिंत आत कोसळली. मी पुढच्या खोलीत होतो, मी ते पाहिले. पाळणा तिथेच टांगलेला होता. तो दगडामातीखाली गेला. त्यात कोणी नव्हते.

बनाबाईची दोन बोटे काढावी लागली. तिसरे ताठ राहिले. मास्तरांचा पत्रा पलीकडच्या ओढ्यात सापडला. तो ठोकून सरळ केला आणि पुन्हा बसवला. त्यावर आता धोंडे भरपूर होते.

भिंतीची गोष्ट पेठेत पसरली. लोक म्हणाले, मास्तरांनी वेळेवर घर सोडले म्हणून बायकामुले वाचली. शाळेतही त्यांचे कौतुक झाले. घर सोडा असे कोणी सांगितले हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. बनाबाईच्या हाताचे विचारले तर घरातले सगळे एकच बोलत: दारात सापडला. मला आधी वाटे, दुःखामुळे ते बोलत नाहीत. पुढे कळले की ती लाज होती.

पुढच्या उन्हाळ्यात बनाबाई पुन्हा आली. दूध आता सिद्धाप्पा काढून देई, ती नुसते घेऊन येई. ओसरीवर टेकली तरी लोकर काढत नसे. एकदा लीलाने विचारले, "मावशी, कातत नाही?" ती म्हणाली, "चिमटीत धागा ऱ्हात न्हाय गं." घरात मास्तर वह्या तपासत होते. त्यांनी टाक खाली ठेवला आणि बाहेर आले. "बनाबाई, त्या दिवशी मी..." एवढेच ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. लेकरं जगली," ती म्हणाली. मास्तर परत वह्यांकडे वळले. असे चार उन्हाळे गेले.

नव्या भिंतीबरोबर घराला लोखंडी बोल्ट आला. मी कोपऱ्यातच राहिलो. कधी माझ्याने ओले धुणे उचलत, कधी खाटेच्या पायाखाली मला देत. त्याचे मला दुःख नाही. मास्तर मात्र मला कधी हात लावीत नसत. माझ्याकडे पाहतही नसत.

आता या वैशाखातली गोष्ट. संध्याकाळी ओसरीवर समोरचे विणकर आणि आणखी दोघे शेजारी बसले होते. बनाबाई दूध घालून निघाली होती. मुकुंद आता सहा वर्षांचा आहे. त्याने तिचा हात धरला आणि उरलेली बोटे मोजली. मग विचारले, "मावशी, बाकीची कुठं गेली?"

"दारात सापडली, बाळा."

"का? दाराला अडसर नव्हता?"

बनाबाईने मास्तरांकडे पाहिले नाही. ती पोराच्या केसांवरून हात फिरवीत म्हणाली, "व्हता की. लई वारं व्हतं, म्हून..."

"अडसर माझ्या हातात होता," मास्तर म्हणाले.

आणि मग त्यांनी शेजाऱ्यांसमोर सगळे सांगितले. धोंड्यांचे, पत्र्याचे, "अडसर तरी ठेवून जा" हे तिचे शब्द. भिंत कोणी ओळखली तेही. विणकरांनी मान खाली घातली होती. रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या मागे.

मुकुंद म्हणाला, "मग तुम्ही मावशीचं ऐकलं का नाही?"

बनाबाई म्हणाली, "दूध तापवून घ्या, वयनी, नासंल." आणि आपले भांडे घेऊन निघाली. मास्तर उठले आणि गल्लीच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही.

म्हणून मित्रांनो, माझे तुमच्याकडे मागणे आहे. वादळात आत राहा, खिडकीपासून दूर, घरच्या माणसांजवळ. चूल विझवा. वारा पडला म्हणून लगेच उठू नका. घटकाभर थांबा, आणि मग आणखी थोडे थांबा. वादळ गेल्यावर ओल्या भिंतीखाली निजू नका, तिथे कितीही आवडती वस्तू राहिली असली तरी. आणि घरात कोणी "थांबा" म्हणत असेल, तर ते माणूस कुठले, किती शिकलेले, हे पाहत बसू नका.

मी लाकूड आहे. मला काढून बाहेर नेले, मी गेलो. नाही म्हणणे मला येत नव्हते. तुम्हाला येते.